इंजिनाची बैठक व फटफटीची चाल

नॉर्टन कंपनीची कमांडो नांवाची फटफटी उभ्या जागीं चालू करून ठेवली, तर तिचें पहिलें दर्शन मोठें निराशाजनक होतें. इंजिन मागेंपुढें व खालींवर असे हिसके देत असतें, कीं आतां तें बोल्ट तोडून बाहेर पडणार असें पाहणारास वाटावें. धुराच्या नळ्या नाचतात, पुढचें चाक जागच्या जागीं थरथरतें. परंतु तीच गाडी रस्त्यास लागून इंजिनाचे फेरे मिनिटास दोन-अडीच हजारांच्या पलीकडे गेले, कीं हा सारा थयथयाट एकाएकीं निमतो, आणि हॅंडलवर ठेविलेल्या हातांस खालीं इंजिन आहे कीं नाहीं असा संशय पडावा इतकी स्वस्थता येते. एकाच यंत्राच्या ठायीं हीं दोन रूपें कां असावीं, आणि त्यांतलें दुसरें रूप मिळविण्यासाठीं निर्मात्यांनीं वळणावरील ताबा कितपत पणास लाविला, याचा विचार येथें करावयाचा आहे.

फटफटीच्या इतिहासावर जें लेखन होतें त्यांत इंजिनाची शक्ति, ताशी वेग आणि शर्यतींतील विजय यांचाच पसारा फार. इंजिन सांगाड्यांत कोणत्या रीतीनें बसविलें होतें, हा प्रश्न बहुधा नट-बोल्टांच्या यादींत आटोपला जातो. आमच्या मतें हा अन्याय आहे. दुचाकीच्या चालीचें बहुतेक रहस्य एका अटींत सांठविलेलें आहे: हॅंडल सरळ असतां पुढचें व मागचें चाक एकाच पातळींत राहिलें पाहिजे, आणि गाडी वळणावर कललेली असतांही ही अट मोडतां कामा नये. वळणावर रस्ता दोन्ही चाकांस आडवा रेटीत असतो. हॅंडल जीत फिरतें ती मान व मागच्या चाकाचा आंस यांच्यामधला सांगाडा त्या रेट्यानें पिळवटला, तर मागचें चाक आपल्याच मतानें दिशा धरूं लागतें, आणि गाडी लाटेवरच्या होडीसारखी हेलकावूं लागते. आतां या सांगाड्याच्या अगदीं मध्यभागीं गाडीचा सर्वांत जड आणि सर्वांत टणक अवयव, म्हणजे इंजिन, येऊन बसतो. त्यास सांगाड्याची बरगडी मानावयाचें, कीं सांगाड्यांत उतरलेला एक दांडगा पाहुणा मानावयाचें? बरगडी मानलें तर सांगाडा बळकट होतो, पण इंजिनाची प्रत्येक थरथर स्वाराच्या हाडांपर्यंत पोंचते. पाहुणा मानून त्यास रबराच्या गादीवर बसविलें तर स्वारास सुख होतें, पण सांगाडा एका मोठ्या आधारास मुकतो. ब्रिटिश फटफटीच्या उत्तरायुष्याचा इतिहास हा पुष्कळ अंशीं या दोन पक्षांच्या ओढाताणीचा इतिहास आहे.

थरथरीचें मूळ थोडें समजून घेतलें पाहिजे. एडवर्ड टर्नर यानें १९३७ सालीं ट्रायम्फ कंपनीसाठीं स्पीड ट्विन ही गाडी काढली. तिचें दोन सिलिंडरांचें इंजिन एका सिलिंडराच्या इंजिनाच्या जागेंत जवळजवळ मावे. महायुद्ध संपतांच बहुतेक सर्व मोठ्या ब्रिटिश कारखान्यांनीं तोच नमुना उचलला. नॉर्टनसाठीं बर्ट हॉपवुड यानें आंखलेलें डॉमिनेटर इंजिन १९४८ सालीं पुढें आलें, तेंही याच जातीचें. यांत दोन्ही पिस्टन बरोबरच वर जातात व बरोबरच खालीं येतात. स्फोट मात्र आळीपाळीनें होतात. त्यामुळें शक्तीचा प्रवाह एकसारखा राहतो. पण हालणाऱ्या वजनाच्या दृष्टीनें पाहिलें तर हें एकाच मोठ्या पिस्टनचें इंजिन ठरतें. एक वर जात असतां दुसऱ्यानें खालीं येऊन त्यास तोलून धरावें, ही सोय येथें नाहीं. क्रँकवर उलट बाजूस वजन लावून वरखालचा हिसका कांहींसा मारतां येतो. परंतु जितका तो मारावा तितका मागेंपुढें नवा उत्पन्न होतो. शत्रु मरत नाहीं, दिशा बदलतो.

शिवाय हा हिसका फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. फेरे दुप्पट झाले कीं तो चौपट होतो. डॉमिनेटरचें इंजिन मुळांत ४९७ घनसेंटिमीटरांचें होतें. पुढें गिऱ्हाइकांची, विशेषतः अमेरिकेंतील गिऱ्हाइकांची, शक्तीची भूक वाढत गेली, आणि तेंच इंजिन ५९६, ६४६ असें फुगत १९६२ च्या ॲटलस गाडींत ७४५ घनसेंटिमीटरांवर जाऊन पोंचलें. त्यांत पिस्टनची खेप ८९ मिलिमीटरांची. मिनिटास ६००० फेऱ्यांवर खेपेच्या वरच्या टोंकाशीं पिस्टनला जी ओढ बसते ती त्याच्या वजनाच्या १८०० पटींहून अधिक भरते; ज्यांस गणिताची आवड असेल त्यांनीं कागदावर करून पाहावें.

बरगडीच्या पक्षाचा सर्वांत मोठा विजय म्हणजे नॉर्टनचाच फेदरबेड सांगाडा. बेलफास्टच्या रेक्स व क्रोमी मॅक्कँडलेस या बंधूंनीं सिद्ध केलेला हा सांगाडा १९५० सालीं शर्यतींत उतरला. नळ्यांचे दोन पूर्ण वेढे मानेशीं एकमेकांस छेदून गेलेले, आणि मागें चाकास दोन्ही अंगांनीं धरून खालींवर हालणारा बाहू, ज्यास आमच्याकडील मिस्त्री चिमटा म्हणतात, इतकीच त्याची रचना. इंजिन पूर्वींपेक्षां पुढें सरकविल्यामुळें पुढच्या चाकावर वजन आलें, आणि तें जाड पत्र्यांनीं व बोल्टांनीं सांगाड्याशीं घट्ट आंवळल्यामुळें वेढ्यांच्या पोटांतला पोकळपणा भरून निघाला. हॅरल्ड डॅनियल या स्वारानें ही गाडी चालवून पाहिल्यावर, पिसांच्या गादीवर बसल्यासारखें वाटतें असा अभिप्राय दिला; तेंच नांव सांगाड्यास कायमचें चिकटलें. त्या वर्षीं आइल ऑफ मॅन बेटावरील ज्यूनिअर व सीनिअर या दोन्ही शर्यतींत पहिल्या तीनही जागा नॉर्टननें पटकाविल्या. सीनिअर शर्यत जेफ ड्यूक यानें जिंकली. हा गौरव रस्त्यावरील खांचखळग्यांपासून मिळालेल्या आरामाचा होता, इंजिनाच्या थरथरीपासून मिळालेल्या आरामाचा नव्हे, हें लक्षांत ठेवावें. इंजिन पिसांच्या गादीवर नव्हतेंच. तें लोखंडाशीं लोखंड लावून बसविलेलें होतें.

याच सांगाड्याच्या लौकिकांतून एक मौजेचा प्रकार निघाला. पांचशें घनसेंटिमीटरांच्या लहान शर्यती मोटारी बांधणाऱ्या लोकांस नॉर्टनचें मँक्स इंजिन हवें असे, पण कंपनी सुटें इंजिन विकीत नसे. तेव्हां ते सबंध गाडी विकत घेऊन इंजिन काढून घेत, आणि फेदरबेड सांगाडा तसाच उरे. त्या रिकाम्या सांगाड्यांत इंग्लंडांतील तरुणांनीं ट्रायम्फचें इंजिन बसविलें व त्या संकरास ट्रायटन हें नांव दिलें. एका कारखान्याचें इंजिन दुसऱ्याच्या सांगाड्यांत बसवितांना मधले पत्रे मालकासच कापावे लागत. इंजिन अर्धा-पाऊण इंच पुढें कीं मागें, वर कीं खालीं, हें त्याच्याच हातीं असे, आणि चाल त्यावर सुधारे किंवा बिघडे. बैठकीचें महत्त्व ज्यांनीं पुस्तकांवांचून ओळखलें असे हे पहिलेच लोक असावेत.

बरगडीची कल्पना टोंकास नेली ती फिलिप व्हिन्सेंट व फिल आयर्व्हिंग यांनीं. १९४६ सालच्या त्यांच्या रॅपिड गाडीस नेहमींच्या अर्थानें सांगाडाच नाहीं. वर तेलाची पेटी हाच कणा, त्याखालीं ९९८ घनसेंटिमीटरांचें इंजिन टांगलेलें, आणि मागच्या चाकाची चौकट थेट त्या इंजिनाच्या पाठीशीं सांधलेली. परंतु व्हिन्सेंटचे दोन सिलिंडर एकमेकांशीं ५० अंशांचा कोन करून होते. दोन्ही पिस्टन बरोबरच उसळत नव्हते. त्यामुळें त्यांची थरथर सोसण्याजोगी राहिली. तीच जवळीक ॲटलसच्या इंजिनाशीं ठेवणें निराळें. फेदरबेडमध्यें घट्ट बसलेल्या त्या इंजिनाच्या स्वारास वळणावर गाडी मनासारखी वळे, पण लांबच्या सडकेवर हात बधिर होत, दिव्यांच्या तारा तुटत, आणि आंवळलेले नट ढिले होत. उत्तम चाल आणि असह्य बैठक यांचा असा संसार फार दिवस चालणें शक्य नव्हतें.

रबराची कल्पना नवीन नव्हती. मोटारींत क्रायस्लर कंपनीनें १९३१ सालीं प्लिमथ गाडीचें इंजिन रबरावर तरंगतें ठेवून चार सिलिंडरांची थरथर बरीच लपविली होती. फटफटींतही एर्लिंग पॉपी यानें आंखलेल्या १९४६ च्या सनबीम एस-७ गाडीचें इंजिन आरंभीं घट्ट बसविलेलें होतें. थरथर असह्य झाल्यावर तें रबरावर घ्यावें लागलें. पण सनबीमचें मागचें चाक दांड्यानें फिरे, आणि दांड्यांत लवचिक सांधा घालतां येतो. साखळीच्या गाडीस ही सवलत नाहीं. साखळी दर धक्क्यास इंजिनाला मागच्या चाकाकडे खेंचते. इंजिन एकटेंच रबरावर सोडलें तर तें तिरपें ओढलें जाईल, साखळी रेषेबाहेर जाईल, आणि चाकही तिच्यामागें जाईल. म्हणून जाणते लोक या वाटेस जात नसत.

१९६६ सालीं नॉर्टनची मालक असलेली ए. एम. सी. ही मंडळी बुडाली, आणि डेनिस पूर यांच्या मँगनीज ब्राँझ होल्डिंग्जनें तिचे अवशेष घेऊन नॉर्टन-व्हिलिअर्स हा नवा संसार मांडला. नव्या इंजिनाचा एक प्रयत्न चालू होता, पण तें भरंवशाचें ठरेना, आणि हातीं वेळ तर नव्हता. शेवटीं ठरलें तें असें, कीं इंजिन जुनेंच, ॲटलसचेंच, ठेवावयाचें, आणि बैठक बदलावयाची. रोल्स-रॉइस कंपनींतून आलेले डॉ. स्टीफन बाउअर, तसेच बर्नार्ड हूपर व बॉब ट्रिग, यांनीं हें काम अंगावर घेतलें, आणि १९६७ सालीं लंडनच्या अर्ल्स कोर्ट प्रदर्शनांत कमांडो उभी राहिली.

या मंडळींनीं जुना प्रश्न निराळ्या तऱ्हेनें विचारला, आणि त्यांतच त्यांची बुद्धिमत्ता आहे. साखळी जर इंजिनास मागच्या चाकाशीं बांधूनच ठेविते, तर त्या दोघांस तोडण्याचा खटाटोप कशासाठीं? इंजिन, गिअरबॉक्स, चिमटा आणि मागचें चाक हें सारें बिऱ्हाड एकत्रच बांधावें. थरथरावयाचें तर सर्वांनीं मिळून थरथरावें. आणि या बिऱ्हाडास मुख्य सांगाडा, स्वार व पुढचें चाक यांच्यापासून रबरानें वेगळें करावें. असें केलें म्हणजे साखळीची ओढ बिऱ्हाडांतल्या बिऱ्हाडांत जिरते, रबरापर्यंत येतच नाहीं. या रचनेस त्यांनीं आयसोलास्टिक हें नांव दिलें. रबराच्या मुख्य बैठकी दोन, एक इंजिनाच्या पुढें व एक गिअरबॉक्सच्या मागें. तिसरा आधार सिलिंडरांच्या डोक्याशीं.

पण येथेंच धोक्याची जागा आहे. मागचें चाक आतां थेट मुख्य सांगाड्यास जोडलेलें राहिलें नाहीं. पुढचें चाक एका घरांत, मागचें दुसऱ्या घरांत, आणि दोघांमध्यें रबर. रबर जर आडवेंही लवलें, तर वर सांगितलेली एका पातळीची अट तत्क्षणीं मोडते. म्हणून प्रत्येक मुख्य बैठकीच्या दोन्ही टोंकांस गुळगुळीत वायसर बसवून बिऱ्हाडास असें जखडलें, कीं तें खालींवर व मागेंपुढें, म्हणजे चाकांच्या पातळींतच, हालावें, पण डावी-उजवीकडे सरकूं नये. अगदींच न सरकेल इतकें आंवळावें तर थरथर वायसरांतूनच सांगाड्यांत शिरते. मोकळें सोडावें तर मागचें चाक हिंडूं लागतें. दोहोंच्या मधली फट इंचाच्या शंभराव्या भागाइतकी, म्हणजे पाव मिलिमीटरची, ठरविली गेली. साध्या पोस्टकार्डाची जाडी साधारण तेवढीच भरेल. ताशी शंभर मैलांच्या वेगानें वळणावर कललेल्या माणसाची खात्री त्या पोस्टकार्डावर अवलंबून होती असें म्हणण्यास हरकत नाहीं.

ही फट नीट राखलेली असतां कमांडो कशी चाले याविषयीं फारसा वाद नाहीं. मोटर सायकल न्यूज या पत्राच्या वाचकांनीं १९६८ पासून १९७२ पर्यंत सलग पांच वर्षें तिला वर्षांतील सर्वोत्तम गाडी ठरविलें. आरंभीच्या कांहीं सांगाड्यांस मानेपाशीं तडे गेले व तेथें जास्तीचा आधार देऊन सांगाडा सुधारावा लागला, पण तो दोष नळ्यांचा होता, बैठकीचा नव्हे. शर्यतींतही ही रचना टिकली. पीटर विल्यम्स यानें पोलादी पत्र्याची पेटी करून जो सांगाडा बनविला, त्यांतही इंजिन आयसोलास्टिक बैठकीवरच होतें, आणि त्या गाडीवर त्यानें १९७३ सालीं आइल ऑफ मॅनची फॉर्म्युला ७५० शर्यत जिंकली. रबरावर बसलेलें इंजिन शर्यतीस नालायक असतें, हें म्हणणें तेथें संपावयास हवें होतें.

तें संपलें नाहीं, याचें कारण शर्यतीच्या गाडीमागें मिस्त्री असतो आणि रस्त्यावरच्या गाडीमागें बहुधा कोणीच नसतो. कारखान्यानें फट राखण्याची जी रीत दिली होती ती मोठी कंटाळवाणी होती. वायसर झिजला कीं बैठक सोडवावयाची, पत्र्याच्या पातळ चकत्या, ज्यांस शिम म्हणतात, अंदाजानें घालावयाच्या, पुन्हां जुळवावयाचें, मोजावयाचें, आणि माप चुकलें तर पुन्हां सोडवावयाचें. असें काम किती मालक दर कांहीं हजार मैलांस करितील? पुष्कळांनीं तें कधींच केलें नाहीं. फट वाढली, आणि वेगानें घेतलेल्या लांब वळणांवर गाडी झुलूं लागली. कित्येकांच्या बैठकींत पाणी शिरून गंज चढला व फट आपोआप बुजली. त्यांची गाडी ॲटलससारखी थरथरूं लागली. पहिल्यांनीं म्हटलें, कमांडोचा ताबा वाईट. दुसऱ्यांनीं म्हटलें, तिचें सुख खोटें. दोघेही आपआपल्या अनुभवास अनुसरून खरेंच बोलत होते.

आमचा कौल असा आहे. उत्तम फेदरबेडची वळणावरील निश्चितता नव्या शिमांच्या कमांडोसही सर्वांशीं साधत नाहीं, हें फेदरबेडच्या भक्तांचें म्हणणें मान्य करावें. पण आयसोलास्टिक म्हणजे म्हाताऱ्या इंजिनावर घातलेलें पांघरूण, असें जें हिणवून म्हटलें जातें, तें आम्हांस पटत नाहीं. इंजिन व मागचें चाक यांस एकत्र ठेवावें, स्वारास वेगळें करावें, हा विचार निर्दोष होता. दोष होता तो हा, कीं जी गोष्ट स्वाराच्या जिवाशीं निगडित आहे ती कारखान्यानें अशा जागीं व अशा रीतीनें ठेविली कीं सामान्य मालकानें तिच्याकडे पाठ फिरवावी. आंखणारांनीं अवघड काम केलें आणि सोपें राहूं दिलें.

हा विचार किती सहज आहे हें महाराष्ट्रांतील वाचकांस दूर न जातां कळण्यासारखें आहे. १९४६ सालीं कोर्रादिनो दास्कानिओ यानें पिआजिओ कंपनीसाठीं आंखलेल्या व्हेस्पा स्कूटरचें इंजिन, गिअर व मागचें चाक हा एकच तुकडा आहे, आणि तो रबराच्या बुशांवर अंगास सांधलेला आहे. आकुर्डीच्या बजाज कारखान्यांतून १९७२ पासून पुढें अनेक वर्षें निघालेली चेतक त्याच कुळांतली. ते बुश झिजलेल्या चेतकवर वळणें घेतलेल्या मनुष्यास, मागचें चाक आपल्या मतानें चालतें म्हणजे काय, हें निराळें समजावून सांगावें लागणार नाहीं. स्कूटरचा वेग बेताचा, म्हणून तो प्रकार चेष्टेवारी जाई. नॉर्टनवर तो जाण्यासारखा नव्हता. अमेरिकेंत हार्ले-डेव्हिडसननेंही १९८० च्या टूर ग्लाइड गाडींत इंजिन व गिअरबॉक्स रबरावर घेऊन चिमटा गिअरबॉक्सशीं सांधला, आणि जड ओझ्यानिशीं लांब वळणांवर झुलण्याची तक्रार त्या कुळांतील गाड्यांच्याही पाठीस लागली.

दरम्यान जपानी कारखान्यांनीं प्रश्नच बाजूस सारला होता. होंडाच्या १९६९ च्या सी. बी. ७५० गाडींत चार पिस्टनांपैकीं दोन वर जात तेव्हां दोन खालीं येत. असें इंजिन सांगाड्यांत सरळ आंवळून बसवितां येई. तेथें शिमही नको आणि पोस्टकार्डही नको. पुढें दोन सिलिंडरांच्या इंजिनांतही उलट फिरणारा तोलदांडा घालण्याची चाल पडली. चेन्नईच्या रॉयल एन्फील्डनें २०१८ सालीं बाजारांत आणलेल्या ६४८ घनसेंटिमीटरांच्या जोड-सिलिंडर गाड्यांत तो आहे, व त्यांचे दोन पिस्टन बरोबरच उसळूं नयेत अशीही तजवीज केलेली आहे. या मार्गानें जावयाचें तर नवें इंजिन हवें, आणि नॉर्टनजवळ तें नव्हतें. १९७३ सालीं तिनें जुनेंच इंजिन आणखी फुगवून ८२८ घनसेंटिमीटरांचें केलें. त्यांतही जो वाढीव हिसका आला तो रबरानेंच पोटांत घेतला, हें बैठकीच्या बाजूनें सांगितलें पाहिजे.

१९७५ सालीं कमांडोची मार्क ३ ही शेवटची आवृत्ति निघाली. तींत शिमांच्या जागीं आटे पाडलेली फिरती कडी आली. कडी फिरवून वायसर टेकवावयाचा, ठराविक भोंकांइतका मागें घ्यावयाचा, आणि बोल्ट आंवळावयाचा. त्याच सालीं कंपनी कोसळली, आणि १९७७ च्या सुमारास शेवटच्या कमांडो बाहेर पडल्या. म्हणजे सात वर्षें जी सोय नव्हती, ती कारखाना मिटण्याच्या वेळीं आली. आज कमांडो बाळगणारे लोक १९६८ च्या गाडींतही तीच कडी बसवून घेतात, आणि लांबच्या प्रवासास निघण्यापूर्वीं फीलर गेजचें पातें त्या फटींत सरकवून पाहतात.